वारंवार नोकरी बदलताय? मग आयटीतले हे हिशोब आधी करा

आयटीत दीड-दोन वर्षांनी स्विच मारणं यात आता कुणाला नवल वाटत नाही. तरी पाच वर्षांत चार कंपन्या झाल्या की माणूस लिंक्डइनवर स्वतःचंच प्रोफाइल उघडून बघत बसतो आणि मग ओळखीच्या सीनियरला मेसेज टाकतो, "जॉब हॉपरचा शिक्का बसला का हो माझ्यावर?" नुसत्या कंपन्या मोजून याचं उत्तर मिळत नाही. चार कंपन्या करून पक्की तयार झालेली माणसं असतात आणि एकाच खुर्चीत आठ वर्षं बसून काही नवं न शिकलेलीही असतात.

इंटरव्ह्यू घेताना मी तरी एकच गोष्ट शोधतो. या माणसाने जे ठरवलं, जे बांधलं, ते पुढे बिघडलं तेव्हा हा तिथे होता का? बाकी सगळं त्यानंतर.

हे जरा उदाहरणानेच सांगतो. समजा तुम्ही ऑर्डर सर्व्हिस लिहिली. घाई होती, म्हणून ऑर्डरचे सगळे डिटेल्स एकाच जेसन कॉलममध्ये (जिथे हवी ती माहिती हव्या त्या रचनेत ठेवता येते) कोंबले. डेमो झकास झाला, रिलीज वेळेत, मॅनेजर खूश, अप्रेझल चांगलं, आणि ११ व्या महिन्यात ३० टक्के हाईक घेऊन तुम्ही बाहेर. १४ व्या महिन्यात फायनान्सवाल्यांना रिफंडचा रिपोर्ट हवा होतो. क्वेरी प्रत्येक रो उघडून जेसन वाचत बसते कारण त्या फील्डवर इंडेक्स, म्हणजे चटकन शोधायची सूची, कुणी केलेलाच नाही, पेज टाइमआउट होतं, आणि वरून कळतं की रकमेचं फील्ड जुन्या ऑर्डरींमध्ये एका नावाने आणि नव्यांमध्ये दुसऱ्याच नावाने आहे, कारण डेटाबेसने कधी कुणाला अडवलंच नाही. मग कुणीतरी बसतो आणि सिस्टीम चालू ठेवूनच नवे कॉलम काढतो, काही दिवस दोन्हीकडे डेटा लिहायला लावतो, जुना डेटा बॅच लावून भरतो, आकडे जुळतात का ते तपासतो, मग वाचणं नव्या कॉलमवर वळवतो आणि सगळ्यात शेवटी जुना कॉलम उडवतो. खरं शिक्षण या दोन-तीन महिन्यांत झालं, आणि ते तुमच्याऐवजी दुसऱ्याच कुणाचं झालं. तुमच्या रेझ्युमेवर मात्र 'ऑर्डर सर्व्हिस शून्यापासून डिझाइन केली' ही ओळ आहे. पॅनेलवरच्या माणसाने "मग त्या स्कीमाचं (डेटाच्या रचनेचं) पुढे काय झालं?" एवढंच विचारलं की उत्तर नसतं.

हे एकदा झालं तर काही बिघडत नाही, पण सलग तीन ठिकाणी असंच झालं तर सहा वर्षांचा अनुभव असूनही माणूस फक्त सुरुवात करण्यात तरबेज होतो. नवीन सर्व्हिस उभी करता येते, नवं टूल पटकन उचलता येतं, पण चालू सिस्टीमला धक्का न लावता बदलणं जमत नाही. सीनियर पोस्टचा पगार बहुतेक त्याच कामाचा असतो.

आधी स्वतःची तपासणी

पेपर टाकायच्या, म्हणजे राजीनामा द्यायच्या आधी एक काम करा. एक कागद घ्या किंवा नोट्स उघडा, आणि आतापर्यंतच्या प्रत्येक नोकरीसमोर तीन गोष्टी लिहा: मी स्वतः काय ठरवलं, त्यातलं काय चुकलं किंवा तुटलं, आणि ते निस्तरायला मी होतो का. 'टीमने केलं', 'आम्ही मायग्रेट केलं' असलं लिहायचं नाही, स्वतःपुरतंच लिहा. एखाद्या नोकरीसमोर तिन्ही खाने भरले असतील तर ती नोकरी १४ महिन्यांची असली तरी चालते, तिच्याबद्दल तुम्ही इंटरव्ह्यूमध्ये अर्धा तास आरामात बोलाल. शेवटच्या दोन नोकऱ्यांसमोर दुसरा आणि तिसरा खाना कोरा असेल तर मात्र पुढची उडी मारण्याआधी थांबा. थांबायचं नसेल तर निदान पुढची जागा तरी अशी निवडा जिथे लांब टिकता येईल.

दुसरा हिशोब वेळेचा, जो फार लोक करत नाहीत. १४ महिन्यांची नोकरी म्हणजे १४ महिन्यांचं काम नसतं. पहिले तीन-चार महिने कोडबेस (तिथला सगळा कोड) समजणं, अॅक्सेस मिळवणं, कोणती टीम कशाची मालक आहे ते कळणं यात जातात, मोठ्या सिस्टीममध्ये याहून जास्त. शेवटचे दोन-तीन महिने मन बाहेर असतं, इंटरव्ह्यू चालू असतात, मग नोटीस आणि केटी, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं. राहिले सात-आठ महिने. त्यातही कंपनीचं अप्रेझल वर्षातून एकदा किंवा दोनदा होतं, तुम्ही सायकलच्या मधेच आलात तर पहिल्या फेरीत 'अजून नवीन आहे' म्हणून बाजूला ठेवतात. म्हणून बाहेर उड्या मारून पगार वाढतो पण आतून मिळणारं प्रमोशन हाती लागत नाही, आणि प्रत्येक वेळी तेच टायटल थोडं वेगळ्या नावाने मिळत राहतं.

सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत हे सगळं खपून जातं बरं का. फ्रेशरने पहिली कंपनी वर्षभरात सोडली, दुसरी दीड वर्षात सोडली, कुणी फार मनावर घेत नाही. उलट वेगवेगळे कोडबेस, वेगवेगळ्या सवयीच्या टीम बघायला मिळतात, कुठे टेस्ट लिहिल्याशिवाय नवा कोड मुख्य कोडात मर्जच होत नाही तर कुठे थेट प्रॉडक्शनवर जाऊन फाइल बदलतात, आणि हे दोन्ही पाहिलेलं असणं कामाला येतं. अडचण सुरू होते आठ-दहा वर्षांच्या आसपास. तिथे काम कोडपेक्षा माणसांच्या भरवशावर चालतं. चार टीमना एका एपीआयवर (सिस्टीमनी एकमेकींशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवर) राजी करायचं, जुनी सिस्टीम बंद करायची, हे वर्ष-दीड वर्षाचं काम, आणि लोक ऐकतात ते तुम्ही आधी एखादा शब्द पाळलेला पाहिला असेल म्हणून. दर १५ महिन्यांनी नवीन जागी गेलं की ही पत पुन्हा शून्यावर.

पैशाचं काय

पैशाचं उगाच लाजून बोलू नये, बहुतेक स्विच त्याच्यासाठीच होतात आणि त्यात काही गैर नाही. आजचा पगार १०० धरा. एक जण आहे तिथेच थांबला, दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली, सहा वर्षांनी तो १५९ च्या आसपास. दुसऱ्याने दर दोन वर्षांनी उडी मारली, प्रत्येक उडीला ३० टक्के, आणि मधल्या काळात एक पैशाची वाढ नाही असं धरलं तरी सहा वर्षांनी जवळपास २२०. फरक मोठा आहे आणि 'निष्ठा ठेवा' वगैरे सांगणाऱ्यांनी हा फरक कुणाच्या खिशातून जातो तेही सांगावं.

पण हा हिशोब कायम असाच चालत नाही. प्रत्येक पोस्टला पगाराचा एक बँड असतो, आणि तुम्ही उड्या मारत मारत त्या बँडच्या वरच्या टोकाला पोचलात की पुढचे ३० टक्के फक्त वरच्या पोस्टवर मिळतात, आणि वरची पोस्ट मागते ते वर सांगितलेलं निस्तरण्याचं काम. इथे येऊन बरेच जण अडकतात. पगार इतका झालेला असतो की त्याच लेव्हलची कंपनी घेत नाही आणि वरच्या लेव्हलचा इंटरव्ह्यू निघत नाही.

शिवाय ऑफर लेटरमधला सगळा आकडा हातात पडतोच असं नाही. शेअर मिळत असतील तर वेस्टिंग बघा, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने कधी तुमच्या नावावर होतात ते. नेहमीची पद्धत चार वर्षांची, आणि पहिल्या वर्षाची क्लिफ, म्हणजे ११ व्या महिन्यात गेलात तर शून्य आणि १२ महिने पूर्ण केलेत तर साधारण चौथा हिस्सा. काही ठिकाणी तर वाटप मुद्दाम मागे ढकललेलं असतं. अमेझॉनची बरीच वर्षं चाललेली पद्धत अशी होती की पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, आणि उरलेले ८० टक्के तिसऱ्या-चौथ्या वर्षात. दर दोन वर्षांनी उडी मारणाऱ्याच्या हाती अशा शेअर-वाटपातून पाचवा हिस्सा येतो आणि तो मित्रांना सांगताना मात्र पूर्ण आकडा सांगतो! जॉइनिंग बोनसचंही तेच, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागेल असं कलम बहुतेक पत्रांत असतं, आणि परत करायची रक्कम टॅक्स कापण्याआधीची की नंतरची हेही तिथेच लिहिलेलं असतं, ते वाचा.

आणखी एक, नोकरकपात. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजारांहून जास्त लोक कमी केले, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने साधारण १२ हजारांचा आकडा जाहीर केला. दोन्हीकडे अमेरिकेतल्या लोकांना १६ आठवड्यांचा पगार आणि त्यावर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे २ आठवडे जादा असं पॅकेज होतं. म्हणजे नव्याने आलेल्याला १६-१८ आठवडे आणि दहा वर्षं काढलेल्याला ३६. बाजार तेजीत असतो तेव्हा याचा कुणी विचार करत नाही. दुसऱ्या देशात व्हिसावर असाल तर हिशोब आणखी वेगळा, उदाहरणार्थ अमेरिकेत एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेव्हा नवीन कंपनी डळमळीत आहे का हे तिथे जरा जास्तच तपासून घ्यावं लागतं.

कधी अजिबात थांबू नये

वर्ष पूर्ण करायचं म्हणून त्रास काढत बसू नका. पगार वेळेवर होत नाही, सांगितलं बॅकएंडचं आणि दिलं दिवसभर एक्सेल भरायचं काम, मॅनेजर चारचौघांत अंगावर येतो, किंवा ग्राहकाला खोटे आकडे दाखवायला सांगतात, अशा ठिकाणाहून चौथ्या महिन्यात निघालात तरी चालतं. एक छोटी नोकरी कुणाच्याही रेझ्युमेवर असू शकते. पॅनेलला खटकतो तो पॅटर्न, त्यातही प्रत्येक वेळी कारण बाहेरचंच असेल तर. सगळीकडे मॅनेजर वाईट, सगळीकडे टीम आळशी, असं चौथ्यांदा ऐकलं की समोरचा मान डोलावतो आणि फॉर्मवर नकार लिहितो.

काम एका जागी थबकलं असेल, दोन वर्षांत नवीन निर्णय घ्यायची वेळच आली नसेल, प्रॉडक्ट मेंटेनन्समध्ये टाकलं असेल आणि त्यावरची माणसं एकेक करून जात असतील, तेव्हाही निघा.

रेझ्युमेवर काय लिहायचं

तारखा लपवू नका. फक्त वर्षं लिहून महिने गाळण्याची युक्ती सगळ्यांना माहिती आहे, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला महिन्यासकट तारखा निघतातच. तिथे खोटं सापडलं तर जॉइन झाल्यावरही काढतात, तेव्हा दोन महिन्यांची गॅप झाकायला हा धोका पत्करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दोन-तीन महिन्यांची एखादी नोकरी रेझ्युमेवर घेतली नाही तर चालू शकतं, रेझ्युमे ही काही शपथेवर दिलेली यादी नसते, पण कंपनीच्या फॉर्मवर 'आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या' असं विचारलं असेल तर तिथे ती यायलाच हवी.

कॉन्ट्रॅक्टवर काम केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. सहा-सहा महिन्यांची चार कॉन्ट्रॅक्ट वेगवेगळ्या नोकऱ्यांसारखी मांडली तर बघणाऱ्याला उड्या दिसतात, 'कॉन्ट्रॅक्ट काम, २०२१ ते २०२३' असं एक शीर्षक देऊन खाली क्लायंटची कामं मांडली तर दोन वर्षांचा सलग अनुभव दिसतो, आणि तो खराच असतो. नोकरकपातीत गेला असाल तर एका ओळीत तेही लिहा, त्यात लाज कसली. कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि नाव बदललं तर ती एकच नोकरी आहे, दोन म्हणून लिहू नका. हे इतक्या जणांच्या रेझ्युमेत दिसतं की मुद्दाम सांगतोय.

"एवढ्या लवकर का सोडलं?"

हा प्रश्न येणारच. उत्तर छोटं ठेवा आणि आधी घरी मोठ्याने बोलून बघा. बहुतेक लोक 'ग्रोथ नव्हती' म्हणतात आणि त्या शब्दातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं काहीतरी: "मला पेमेंटच्या बॅकएंडसाठी घेतलं होतं. चौथ्या महिन्यात ती टीम बंद करून आम्हाला इंटर्नल टूल्सकडे वळवलं. मी तिथलं हातातलं रिलीज पूर्ण केलं, दुसऱ्या टीममध्ये जायची विचारणा केली, जागा नव्हती, म्हणून बाहेर बघितलं." यात कुणाची निंदा नाही, काय घडलं ते आहे, आणि निघण्याआधी तुम्ही काय करून बघितलं तेही आहे. हे शेवटचं फार कमी लोक सांगतात.

पैशासाठी सोडलं असेल तर तसंही सांगता येतं. "बाजारभावापेक्षा बरंच कमी मिळत होतं, बोलून बघितलं, जमलं नाही." दोन वाक्यं, विषय संपला. फक्त सगळ्याच नोकऱ्यांना हेच कारण दिलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, की आमच्यापेक्षा कुणी जास्त दिलं की तुम्ही जाणार का? त्याला उत्तर म्हणून आयुष्यभर थांबण्याची शपथ घेऊ नका, कुणाचा विश्वास बसत नाही. कोणतं काम पूर्ण बघायचंय ते सांगा.

पुढची जागा निवडताना

वारंवार बदलणाऱ्यांची खरी गडबड इथे होते असं माझं मत आहे. सोडायची घाई असते, त्यामुळे नवीन जागेला प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि वर्षभरात पुन्हा तोच त्रास. ऑफर आल्यावर, सही करायच्या आधी, तुमचा होणारा मॅनेजर आणि टीममधला एखादा इंजिनियर यांच्याशी वेगवेगळं बोलायला मागा. त्यांना विचारा की ही जागा का निघाली, आधीचा माणूस कुठे गेला. मॅनेजर स्वतः किती दिवस आहे. ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून जायची पाळी) किती आठवड्यांनी येतं आणि रात्री खरंच किती वेळा उठावं लागतं. शेवटचा मोठा इन्सिडंट कोणता, नंतर काय बदललं. सहा महिन्यांनी माझ्या एकट्याच्या नावावर काय असेल. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर समजून घ्या. नकोसे प्रश्न विचारले म्हणून ऑफर मागे घेणारी कंपनी असेल तर ती सहीआधीच कळली हे बरंच.

तीन छोट्या नोकऱ्या लागोपाठ झाल्या असतील तर चौथी निवडताना हाईक थोडी कमी मिळाली तरी चालवून घ्या, पण प्रॉडक्शनमध्ये जिवंत असलेली सिस्टीम हवी, खरे वापरणारे लोक हवेत, आणि किमान अडीच-तीन वर्षं पुरेल एवढं काम दिसायला हवं. ग्रीनफिल्ड (शून्यापासून सुरू होणारं) प्रोजेक्ट ऐकायला भारी वाटतं, पण तुमच्याकडे सुरुवातीच भरपूर असतील तर आणखी एक सुरुवात घेऊन काय करणार?

निघताना

आयटीचं जग वाटतं तेवढं मोठं नाही. आजचा ज्युनियर चार वर्षांनी समोरच्या पॅनेलवर बसलेला असतो, आणि रेफरन्ससाठी फोन जातो तो बऱ्याचदा तुम्ही नाव न दिलेल्या माणसाला. नोटीस पिरियड कुठे २ आठवडे असतो तर कुठे ९० दिवस, जेवढा असेल तेवढा नीट काढा. केटीसाठी चार तासांच्या मीटिंग रेकॉर्ड करून ठेवण्यापेक्षा दोन पानं लिहा: काय चालू आहे, काय अर्धवट आहे, काय तुटतं आणि तुटल्यावर पहिल्यांदा कुठे बघायचं, कोणता क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) अजून तुमच्या अकाउंटवर चालतो. हा शेवटचा मुद्दा विसरलात तर तुमचं अकाउंट बंद झाल्याच्या रात्री कुणाचा तरी जॉब फेल होणार आणि तुमचं नाव बरेच दिवस निघत राहणार.

काउंटर ऑफर आली तर एवढंच बघा, की सोडायचं मूळ कारण पैसा होता का. पैसाच होता आणि तो लेखी मिळत असेल तर थांबायला हरकत नाही. कारण मॅनेजर किंवा काम असेल तर पगार वाढून तेच काम त्याच मॅनेजरखाली करायचंय, सहा महिन्यांनी पुन्हा नौकरी.कॉम उघडाल. पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, रिलीव्हिंग आणि एक्सपीरियन्स लेटर, टॅक्सचे कागद हे सगळं लॅपटॉप परत करायच्या आधी स्वतःकडे घेऊन ठेवा. कंपनीचा कोड मात्र पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या गिटहबवर अजिबात नाही, 'माझंच तर आहे' म्हणत नेलेल्या कोडवरून कोर्टात जाणाऱ्या कंपन्या आहेत.

आणि बाहेर अर्ज टाकायच्या आधी एकदा आत बघा. मोठ्या कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जाणं म्हणजे नवीन काम, नवीन मॅनेजर, आणि तरी वेस्टिंग चालू, रजा शाबूत, रेझ्युमेवर एकच सलग नोकरी. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सध्याच्या टीममध्ये १२ किंवा १८ महिने झाल्याची अट असते, काही ठिकाणी मॅनेजरची परवानगी लागते तर काही ठिकाणी फक्त कळवावं लागतं. एचआरला विचारण्याआधी कंपनीच्या पॉलिसी पेजवर वाचून घ्या, म्हणजे तुम्ही हलायच्या विचारात आहात हे अख्ख्या फ्लोअरला आधीच कळणार नाही.